सोनबर्डी तांड्याची डॉक्टरीन

सुखीबाई आडे पहिल्यांदा आमच्या दवाखान्यात आली ती खताच्या पोत्यात मेलेलं पिल्लू घेऊन. पोतं तिनं सरळ माझ्या टेबलावर ठेवलं. मी जेवणाचा डबा उघडायच्या बेतात होतो.

"हे काहून मेलं ते सांगा," ती म्हणाली. "परवा तीन मेले, काल चार मेले. संध्याकाई उड्या मारत होते अन् सकाई पाय ताणून पडले. कोनी म्हन्ते नजर लागली, कोनी म्हन्ते देवीचा कोप. मले त्यातलं काई नाई पाह्यजे. काहून मेलं ते पाह्यजे."

मी पशुधन पर्यवेक्षक. लोक डॉक्टर म्हणतात, पण मी डॉक्टर नाही. डॉक्टर म्हणजे आमच्या उज्ज्वला मॅडम, त्यांच्याकडे तीन दवाखाने होते. त्या दिवशी त्या नेमक्या हजर होत्या. मागच्या अंगणात गोणपाट टाकून त्यांनी पिल्लू उघडलं आणि बोटानं दाखवलं. आतडं लालबुंद झालेलं, मूत्रपिंड लोण्यासारखं मऊ. आंत्रविषार. पावसाळ्याचा पहिला कोवळा चारा पोटभर खाल्ला की आतड्यात विष तयार होतं. लस आहे, मिरगाच्या आधी टोचावी लागते. सुखीबाई उकिडवी बसून हे सगळं डोळे बारीक करून पाहत होती. पदर नाकाला लावला नव्हता. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे मेले ते वाचले असते?"

"वाचले असते," मॅडम म्हणाल्या.

सुखीबाई उठली. मग पोतं घडी करून काखेत मारलं आणि सात किलोमीटर चालत तांड्यावर परत गेली.

ही दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सोनबर्डी तांडा घाटंजीच्या आडबाजूला, टेकाडावर. पन्नासेक घरं, सगळी बंजाऱ्यांची. खाली कोरडवाहू कापूस, वर माळ. त्या माळावर बकऱ्यांशिवाय दुसरं काही पोसत नाही. पुढच्या वर्षी पशुसखीचं, म्हणजे गावातच जनावरांवर प्रथमोपचार करणाऱ्या बाईचं, प्रशिक्षण निघालं तेव्हा मी तिचं नाव दिलं. तिला सहीपुरतं लिहिता यायचं. इंजेक्शनच्या सिरिंजवरचे आकडे वाचता येत नव्हते, म्हणून तिनं पोरीच्या, अंजूच्या, नखपॉलिशनं तीन खुणा केल्या होत्या. लाल खूण पिल्लाला, गुलाबी पाटीला, म्हणजे न व्यालेल्या तरण्या बकरीला, जांभळी मोठ्या बकरीला. तिचा डोस चुकलेला मी कधी पाहिला नाही.

तांडा आधी हसला. "आली डॉक्टरीन, आता माणसाईलेबी सुई टोचंल," म्हणायचे. ती दारोदार जायची. पिल्लू पडलं की अर्ध्या तासात चीक पाज, नाळेला आयोडीन लाव, ओल्या जमिनीवर बांधू नको, पिल्लांना बसायला बांबूचं मचाण कर. तीन महिन्यांनी जंताचं औषध. बोकडाचं खच्चीकरण ती चिमट्यानं करायची, रक्ताचा थेंब न सांडता. दोन वर्षांत पिल्लं मरायची जवळजवळ थांबली. मग कोणी हसलं नाही. डॉक्टरीन हे नाव मात्र राहिलं, आता मानानं.

तिचा सगळ्यात कडक नियम नव्या जनावराचा होता. बाजारातून किंवा पाहुण्याकडून आणलेली बकरी एकवीस दिवस वेगळी बांधायची. चारा वेगळा, पाणी वेगळं. तांड्याचा प्रमुख, नायक किसनसिंग राठोड, याचा शब्द म्हणजे तांड्याचा शब्द. त्यानं उमदा बोकड विकत आणला तेव्हा तोसुद्धा सुखीबाईनं तांड्याबाहेरच्या कुंपणाशी बांधायला लावला. नायकानं बांधला. रोज सकाळी आपल्या हातानं त्याला पाला नेऊन टाकायचा.

तिची शेजारीण भुरीबाई चव्हाण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन तांड्यात आलेल्या. विहिरीवर सोबत, सरपणाला सोबत. भुरीबाईचा नवरा लकव्यानं खाटेवर पडला तेव्हा सुखीबाईनंच तिला बकऱ्या घ्यायला लावल्या. "मजुरीले गेली तर याले कोन पाह्यन? बकऱ्या घे. घरच्या घरी राह्यशीन." भुरीबाईनं सात बकऱ्या घेतल्या. काबरी, चांदी, लंगडी, प्रत्येकीला नाव. दूध नवऱ्याला, बोकडं बाजाराला.

आता माझं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं खरं होणार नाही.

शेळ्यांना पीपीआर नावाचा रोग होतो. जुने लोक बुळकांडी म्हणतात. एकदा लस टोचली की तीन वर्षं चिंता नाही. सोनबर्डीत आम्ही टोचली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. म्हणजे जुन्या बकऱ्या सुरक्षित. पण त्यानंतर जन्मलेली पिल्लं, त्यानंतर विकत आणलेल्या बकऱ्या, म्हणजे भुरीबाईच्या सातही, उघड्या होत्या. सुखीबाईनं मला संक्रांतीला सांगितलं, होळीला सांगितलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परत सांगितलं. "सायेब, नव्या बकऱ्या लय झाल्या. सत्तरच्या वर हायेत. लस आना."

आखाजीनंतर दोन कुप्या आल्या. दोनशे बकऱ्यांची लस. मी फ्रीजमध्ये ठेवल्या. तांड्यावर जायचं तर बर्फाचा डबा घेऊन पहाटे निघावं लागतं, बकऱ्या माळावर सुटायच्या आत. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणालो. कळंबला पुतणीचं लग्न होतं, चार दिवस तिकडे गेलो. त्यातच वादळ झालं आणि गावची लाईन तीन दिवस बंद राहिली. परत आलो तर फ्रीजमधून पाणी वाहत होतं. कुप्या मी मागच्या खड्ड्यात फेकल्या. सुखीबाई आली तेव्हा तिला म्हणालो, "लस आलीच नाही अजून."

"बरं," ती म्हणाली.

श्रावण लागला आणि अंजू माहेरी आली. पहिलं बाळंतपण, सातवा महिना. तिचं सासर फुलसावंगीकडे. नवरा संजय पुण्याला कामावर गेलेला, सासू-सासरेही त्याच्याकडे निघाले. घराला कुलूप. अंजूच्या स्वतःच्या दोन बकऱ्या होत्या, त्या कोणाजवळ ठेवणार? पिकअपमध्ये टाकून सोबत आणल्या. त्या दिवशी पाऊस असा होता की समोरचं घर दिसत नव्हतं.

पुढचं मला सुखीबाईनं नंतर सांगितलं.

बकऱ्या खाली उतरवल्या तेव्हाच तिनं पाहिलं होतं. एकीचं नाक वाहत होतं, डोळ्याच्या कडा चिकटलेल्या. कान हातात धरला तर गरम. वेगळं बांधायचा खुडा अंगणाच्या टोकाला होता. त्यात घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं.

"गाडीत वारा लागला याडी, बाकी काई नाई," अंजू आईला म्हणाली. ती उभी राहू शकत नव्हती, पाय सुजलेले. "माह्या पाटीले पान्यात बांधशीन? मी हाताने वाढवली तिले."

"एकवीस दिवस वेगळं ठेवा लागते बाई."

"मंग मलेबी खुड्यातच बसव."

सुखीबाईनं पाऊस ओसरेपर्यंत म्हणून दोन्ही बकऱ्या आपल्या गोठ्यात, चौदा बकऱ्यांच्या मध्ये बांधल्या. पाऊस चार दिवस ओसरला नाही. पाचव्या दिवशी ऊन पडलं आणि चार दिवस कोंडलेली तांड्याची सगळी जनावरं एकदम माळावर सुटली, सुखीबाईचीही. आजारी बकरी तेवढी घरी राहिली. सातव्या दिवशी ती मेली. सुखीबाईनं ती घरामागं पुरली आणि कोणाला सांगितलं नाही.

आठव्या दिवशी तिचा मला फोन आला. "सायेब, पिल्लाईच्या तोंडाले फोड आलेत. मावा वाटून राह्यला."

मी नवव्या दिवशी गेलो. तिची चार पिल्लं मान टाकून उभी होती. ओठावर खपल्या, तोंडातून लाळ. मावा म्हणजे ओठावरचे फोड, आठ-दहा दिवसांत बरे होतात. मीही मावाच म्हणालो. लाल औषधानं तोंड धुवायला आणि बोरोग्लिसरीन लावायला सांगितलं. निघताना सवयीनं विचारलं, "बाहेरून काही आलं का इतक्यात?"

अंजू दारात भिंतीला टेकून बसली होती. सुखीबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाई जी," ती म्हणाली.

मी ते खरं मानलं. मला खरं मानायचंच होतं. अजून दोन गावं करायची होती.

तीन दिवसांत तांड्याच्या अर्ध्या गोठ्यांतून खोकल्याचा आवाज यायला लागला. हगवण अशी की मागचे पाय, शेपूट सगळं भरलेलं, आणि तो वास घरात घुसायचा. उज्ज्वला मॅडम आल्या. एका बकरीचा जबडा उघडून त्यांनी आत बोट फिरवलं, हिरड्यांवरून पांढरा पापुद्रा निघून आला. मॅडमनी बोट पुसलं आणि मला बाजूला घेतलं.

"हा मावा नाही. पीपीआर आहे. इथली लस कधीची?"

"दोन वर्षांपूर्वीची, मॅडम."

"नंतरच्या जनावरांना?"

"राहिली," मी म्हणालो. त्यांनी पुढे विचारलं नाही.

या रोगाला औषध नाही. छातीत कफ भरू नये म्हणून इंजेक्शन देता येतं, पाणी तुटू नये म्हणून मीठ-गुळाचं पाणी पाजता येतं. बाकी जनावरावर सोडून द्यावं लागतं. सुखीबाई दिवसभर घरोघर हिंडत होती. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात ज्वारीची पातळ पेज. तोंडात फोड असताना बकरी चारा खात नाही, पेज मात्र हळूहळू घेते. ती बकरीचं डोकं मांडीवर घ्यायची, गालाच्या कोपऱ्यातून थोडी थोडी पेज सोडायची, ठसका लागला की थांबायची. स्वतःच्या गोठ्यात रोज एक-दोन मरत होत्या. तिकडे ती शेवटी जायची.

भुरीबाईच्या सातही बकऱ्या आणि पाच पिल्लं एकदम बसली. तिच्या गोठ्यात सुखीबाई सकाळपासून असायची. दोघी मिळून काबरीला उठवायच्या, चांदीच्या अंगाखाली कोरडी गोणपाटं सरकवायच्या. भुरीबाई एकच विचारायची, "वाचन ना वं?" सुखीबाई म्हणायची, "पाहू."

पाच दिवसांत बाराही गेल्या. लंगडी शेवटी. भुरीबाईनं तिच्या गळ्यातली घंटी सोडून घेतली आणि खाटेवरच्या नवऱ्याच्या उशाशी ठेवली. त्याला बोलता येत नव्हतं. तो घंटीकडं पाहत राहिला.

तांड्याच्या खाली जेसीबीनं मोठा खड्डा खणला. चुना, मीठ, बकऱ्या, परत चुना. एकसष्ट जनावरं पुरली. माणसं खड्ड्याच्या काठावर उभी राहायची आणि परत जायची.

मग कोणीतरी मेंढपाळांचं नाव काढलं.

नाल्यापलीकडे दरवर्षीसारखा मेंढपाळांचा एक वाडा, म्हणजे फिरता तळ, उतरला होता. तीन कुटुंबं, दोन-अडीचशे मेंढरं, घोडी, कोंबड्या. माळावर त्यांची मेंढरं येतात, आपल्या बकऱ्याही तिथंच चरतात. रोग त्यांनीच आणला. हे एकानं म्हटलं आणि तासाभरात सगळा तांडा म्हणायला लागला. सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर माणसं जमली. काहींच्या हातात काठ्या होत्या. उज्ज्वला मॅडम सांगत होत्या, "मी त्यांची मेंढरं तपासली, एकही आजारी नाही, त्यांच्या लशी झालेल्या आहेत." कोणी ऐकत नव्हतं. नायक किसनसिंग ओट्यावर बसला होता. त्याचाही बोकड गेला होता.

"आज उठवा त्याईले," एक जण ओरडला. "नाई उठले तर पाल जाळू."

मी मॅडमच्या मागे उभा होतो. लस आली होती, माझ्या आळसानं वाया गेली, हे मला ठाऊक होतं. हे बोलायची वेळ तीच होती. मी बुटावरचा चिखल पाहत राहिलो.

सुखीबाई बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. तिच्या लुगड्याला पेज आणि घाण लागलेली. ती ओट्यासमोर उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "मेंढरावाल्याईनं नाई आनलं. माह्या गोठ्यातून आलं."

आधी कोणाला कळलंच नाही.

"दोन बकऱ्या आनल्या होत्या मी बाहेरून. एक बीमार होती. मले दिसलं होतं. तरी मी आपल्यात बांधली. ती मेली तं घरामांगं गाडली. या सायेबानं इचारलं तं मी खोटं बोलली." तिनं अंजूचं नाव घेतलं नाही. मी आनल्या, मी बांधल्या, एवढंच.

कोणीतरी काठी खाली टेकवली, तिचा आवाज आला. नायकानं मान वर केली. "माह्या बोकडाले तुवा एकवीस दिवस बाहेर बांधाले लावलं होतं," तो म्हणाला. रागानं नाही. खरंच समजत नसल्यासारखं म्हणाला.

"हो, नायक."

"मंग?"



तेवढ्यात भुरीबाई पुढे आली. मला वाटलं ती मारेल. ती सुखीबाईच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, दोघींत वीतभर अंतर.

"पाच दिवस माह्या गोठ्यात बसली तू," भुरीबाई म्हणाली. "माह्या लंगडीचं डोकं मांडीवर घेतलं. मी इचारत होती वाचन का, वाचन का. तुले तवाबी मालूम होतं. मले एकलीले तरी काहून नाई सांगतलं?"

  भुरीबाई वळली आणि घरी गेली. तिच्यामागं एक एक करून सगळेच गेले. मेंढपाळांकडे कोणी गेलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून वाडा उचलला. त्यांना कुणकुण लागली असावी.

आम्ही आजूबाजूच्या गावांत लस टोचत फिरलो. वीस दिवसांनी रोग थांबला. त्यानंतर एक दिवस मी एकटा सोनबर्डीला गेलो. सुखीबाई रिकाम्या मचाणावर बसून बांबू सोडवत होती. चौदांपैकी पाच उरल्या होत्या. अंजूची दुसरीही गेली होती.

मी सांगितलं. कुप्या, लग्न, लाईट, खड्डा, सगळं. सांगताना वाटत होतं, ती उठून अंगावर येईल. आली असती तर बरं झालं असतं.

"मले मालूम होतं जी," ती म्हणाली. हातातला बांबू तिनं खाली ठेवला नाही. "तुमी लस आली नाई म्हनलं, त्या दिवशी मी दवाखान्यामांगं बाथरूमले गेलती. खड्ड्यात कुप्या पाह्यल्या. झाकन ओयखते मी, लसीचंच होतं."

"मग त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलली का नाहीस?"

"तुमचं मी काहून सांगू?" ती म्हणाली. "तुमी सांगान असं वाटलं होतं मले. वाट पाह्यली थोडी."

 ती उठली, आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवला. मी प्यायलो आणि निघालो.

पुढे मॅडमकडे मी लेखी कबूल केलं. माझी एक वेतनवाढ थांबली आणि बदली झाली. तांड्याला ते कधी कळलं का, मला माहीत नाही. सोनबर्डीच्या लोकांनी सुखीबाईला शिवी दिली नाही, वाळीत टाकलं नाही. फक्त बोलावणं बंद केलं. बकरी अडली तरी शेजारच्या गावातून माणूस आणायचे. तिनं औषधांची पेटी आणि चिमटा तांड्यातल्या बबिता नावाच्या एका सुनेकडे देऊन टाकला. बबिता दहावी पास, सिरिंज वाचता येते. तिला सगळं शिकवलं सुखीबाईनंच, पण घरात बसून, दार लोटून.

उरलेल्या पाचातल्या दोन दुभत्या बकऱ्या तिनं भुरीबाईच्या दारात नेऊन बांधल्या. भुरीबाईनं त्या ठेवून घेतल्या, नवऱ्याला दूध लागत होतं. बोलली मात्र नाही. दिवाळीनंतर नवरा वारला, तेव्हा सुखीबाई गेली आणि बायकांच्या मागे, सगळ्यात शेवटी बसली. अशा वेळी बंजारा बाया गळ्यात गळा घालून रडतात. भुरीबाई एकेकीच्या गळ्यात पडत आली. सुखीबाईजवळ येऊन तिनं रडणं थांबवलं आणि पुढच्या बाईकडे गेली.

अंजूला मुलगी झाली. पोरीला घेऊन ती पुण्याला गेली, आईला दर आठवड्याला फोन करते. सुखीबाई म्हणाली, अंजू फोनवर रडते, म्हणते याडी माह्यामुळं झालं. "मी सांगते तिले, तू पोटुशी होती, तुले काय समजत होतं? समजत मले होतं."

हे ती मला परवा घाटंजीच्या बस स्टँडवर म्हणाली. मी कामानं आलो होतो, ती कापूस वेचायला जाणाऱ्या बायांसोबत टेम्पोची वाट पाहत होती. कमरेला ओटीचं फडकं, हातांवर बोंडांचे ओरखडे. साठीला आली असेल, दिसते सत्तरीची. बकऱ्या आता एकही नाही. उरलेल्या तीन तिनं विकल्या.

"भुरीबाई कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली हाये. सहा बकऱ्या झाल्या तिच्या." मग थोडं थांबून म्हणाली, "पावसात एक खोकलत होती. आवाज आयकू येते ना भिंतीतून. मी बबिताले पाठवलं."

टेम्पो आला. बाया चढल्या. मागच्या फळीवर जागा नव्हती, सुखीबाई उभी राहिली, वरचा लोखंडी पाईप धरून. मी हात वर केला. तिनं पाहिलं की नाही कळलं नाही, कारण तेवढ्यात गाडी वळली.